गावाच्या जमिनीचा परिसंस्था-नकाशा: आधी जमीन, मग हिरवळ

जैवविविधता नोंदवही असो, सामूहिक वनहक्काचा आराखडा असो, पाणलोटाचे काम असो की चराईचे नियम ठरवणे असो, गावाचा नकाशा करायचा म्हटला की बहुतेक जण आधी लॅपटॉप उघडतात. उपग्रहचित्र लावायचे, हिरवे दिसेल ते जंगल, चौकोनी दिसेल ते शेत आणि उरेल ते पडीक, असे रंग भरायचे. दोन दिवसांत नकाशा तयार होतो, छापून भिंतीवर लागतो आणि त्याच्या भरवशावर चराऊ माळावर खड्डे खणून रोपे लावली जातात.

घोळ एकाच ठिकाणी होतो. जमीन मुळात कशी आहे आणि तिच्यावर आज काय उभे आहे, या दोन गोष्टी एकाच रंगात भरल्या जातात. उतार, मातीची खोली आणि पाणी किती दिवस टिकते हे सहसा बदलत नाही. ऊस, ज्वारी, गवत, गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया) झाडांची लागवड हे सगळे बदलते. म्हणून नकाशाचे थर वेगळे हवेत आणि ते ठरलेल्या क्रमाने भरायला हवेत.

उदाहरणासाठी सह्याद्रीच्या पूर्वेचा, पर्जन्यछायेतला भाग धरला आहे: सासवड–जेजुरी, माण–खटाव, आटपाडी. पाऊस साधारण ५०० मिलिमीटर, तळाशी बेसॉल्ट खडक, उंचावर माळ, सखल भागात काळी जमीन. कोकण आणि विदर्भात काय बदलते ते त्या त्या जागी सांगितले आहे.

## टप्पा १: प्रश्न आणि प्रमाण ठरवा

नकाशा कशासाठी, हे एका वाक्यात लिहून काढा. "गायरानातला कुठला भाग चराईला राखायचा" हा प्रश्न झाला. "गावाची संपूर्ण माहिती" हा प्रश्न नव्हे. असा नकाशा कधी पुरा होत नाही.

मग प्रमाण. एका गावासाठी १:१०,००० पुरते. या प्रमाणात कागदावरचा १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे १० मीटर. कागदावर ५ बाय ५ मिलिमीटरपेक्षा लहान तुकडा वाचता येत नाही, म्हणजे तुमचा सर्वांत लहान तुकडा ५० बाय ५० मीटर, पाव हेक्टर. त्याहून लहान असलेली देवराई, झरा किंवा तळे तुकडा म्हणून न काढता बिंदू म्हणून दाखवा.

खबरदारी: १:५०,००० च्या नकाशात हाच हिशेब सव्वासहा हेक्टरवर जातो. तालुक्याच्या नकाशातला गावापुरता भाग मोठा करून छापला म्हणून तो गावाचा नकाशा होत नाही. रेषा जाड होतात, माहिती तेवढीच राहते.

## टप्पा २: कागद आणि चित्रे गोळा करा

चार गोष्टी लागतात.

१. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा स्थलदर्शक नकाशा. समोच्च रेषा, ओढे, जुन्या वाटा यासाठी.

२. गट नंबर असलेला गावनकाशा आणि सातबारा. वनहद्द आणि गायरान यातूनच कळते.

३. उंचीची माहिती. फुकट मिळणारी बहुतेक ३० मीटर पेशीची असते (पेशी म्हणजे चित्रातला सर्वांत लहान चौकोन, पिक्सेल). तिच्यात डोंगराचा उतार नीट येतो, शेताची ताल किंवा बांध येत नाही.

४. उपग्रहचित्रे. सेंटिनेल-२ ची चित्रे फुकट आहेत, मुख्य रंगपट्ट्यांत (बँड) पेशी १० मीटरची असते आणि दोन उपग्रह मिळून साधारण दर ५ दिवसांनी एक चित्र येते. तुमच्या पाव हेक्टरच्या तुकड्यात २५ पेशी बसतात, म्हणजे ताळमेळ ठीक आहे.

चित्र एक घेऊन भागत नाही, आणि सगळ्यात जास्त नकाशे इथेच बिघडतात. किमान तीन तारखा घ्या: सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरचा पहिला निरभ्र दिवस, जानेवारी, आणि एप्रिलअखेर. सप्टेंबरअखेरीस माळही हिरवा असतो आणि शेतही. जानेवारीत माळ पिवळा पडलेला असतो. तेव्हा जे हिरवे दिसते ते रब्बीचे पीक किंवा बागायत. एप्रिलअखेर हिरवे राहते ते ऊस, फळबाग, ओढ्याकाठची झाडे आणि डोंगराच्या घळीतला झाडोरा. तिन्ही चित्रांत हिरवा असलेला तुकडा आणि फक्त पहिल्या चित्रात हिरवा असलेला तुकडा यांना एकच वर्ग देऊन चालणार नाही. जुलै–ऑगस्टची चित्रे बहुतेक ढगांतच जातात, त्यांच्या मागे लागू नका.

खबरदारी: वणव्यात जळालेला माळ आणि नुकतीच नांगरलेली काळी जमीन उन्हाळ्याच्या चित्रात जवळजवळ सारखी दिसते. शंका आली की त्याच तुकड्याचे महिनाभर आधीचे चित्र पाहा. जळालेल्या माळाची कड वेडीवाकडी असते आणि बांध ओलांडून गेलेली असते.

कोकणातल्या सड्यांचे, म्हणजे कातळपठारांचे, तर पूर्ण उलटे आहे. मे महिन्यात सडा उघडा कातळ दिसतो आणि संगणक त्याला "नापीक" ठरवून मोकळा होतो. त्याच कातळावर पावसात बोटभर मातीत आणि साचलेल्या पाण्यात गेंद, सीतेची आसवे यांचे ताटवे उभे राहतात. कास पठाराचे तेच. खाजणांत तारखेबरोबर भरती-ओहोटीची वेळही पाहावी लागते, नाहीतर एकाच खाजणाचे दोन चित्रांत दोन वर्ग होतात.

## टप्पा ३: सगळे थर एका जागी बसवा

क्यूजीआयएस हे नकाशे करण्याचे मोफत सॉफ्टवेअर पुरे आहे. प्रकल्प सुरू करताना पहिले काम संदर्भप्रणाली, म्हणजे जागांचे आकडे कुठल्या पद्धतीने मोजायचे ते, ठरवण्याचे. पश्चिम महाराष्ट्र, कोकण, गोवा, मराठवाडा यांना यूटीएम (मीटरमध्ये मोजणारी प्रणाली) पट्टा ४३ उत्तर, सॉफ्टवेअरमधला तिचा क्रमांक ईपीएसजी ३२६४३. रेखांश ७८ अंशांच्या पूर्वेला, म्हणजे वर्धा, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीकडे, पट्टा ४४, ईपीएसजी ३२६४४.

अक्षांश-रेखांशाच्या प्रणालीत ठेवून क्षेत्रफळ काढणे ही नेहमीची चूक. उत्तर चौरस अंशांत येते, मग कुणीतरी कुठला तरी गुणक लावतो आणि गायरान सातबाऱ्यापेक्षा दीडपट भरते.

गावनकाशा बसवताना टिकाऊ खुणा घ्या: तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड, जुनी बांधीव विहीर, देऊळ, जुन्या रस्त्यांचा तिठा. ओढ्याचे वळण घेऊ नका, ओढा सरकतो. खुणा चारही कोपऱ्यांत आणि मध्ये पसरलेल्या हव्यात. सगळ्या गावठाणाजवळ घेतल्या तर शिवेकडचा भाग तिरका जातो. जुन्या स्थलदर्शक नकाशांचा पायाभूत संदर्भ (डेटम, म्हणजे पृथ्वीचा धरलेला आकार) आजच्या जीपीएसपेक्षा वेगळा आहे. तो न बदलता नकाशा लावला की ओढा शेजारच्या शेतातून वाहताना दिसतो.

तपासणी: गावातल्या पाच ठळक जागी मोबाइलवर स्थान नोंदवा आणि ते बिंदू नकाशावर टाका. विहिरीचा बिंदू विहिरीवर पडला पाहिजे. १०–१५ मीटरपेक्षा जास्त फरक असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: उतारावरून कच्चे तुकडे पाडा

उंचीच्या माहितीवरून उताराचा थर काढा आणि त्याचे चार टप्पे करा: ०–३ टक्के, ३–१०, १०–२५ आणि २५ च्या वर. सॉफ्टवेअर विचारते, टक्के की अंश. न वाचता पुढे गेलात तर टप्पा ६ मधली वर्ग ठरवण्याची सगळी किल्ली फसते. ४५ अंश म्हणजे १०० टक्के, आणि १० टक्के म्हणजे जेमतेम पावणेसहा अंश.

आता स्थलदर्शक नकाशा शेजारी ठेवून हाताने पाच जागा वेगळ्या करा: माथा, उतार, पायथा, सपाटी, ओढाकाठ. उतार सारखाच असला तरी माथ्यावरची सपाट जमीन आणि ओढ्यालगतची सपाट जमीन यांत काही साम्य नसते. एकीची माती वाहून जाते, दुसरीकडे ती येऊन साचते. हे काम संगणकाकडूनही होते, पण एका गावासाठी हाताने केलेले जास्त बरे. शिवाराची ओळख तिथेच होते.

डोंगर मोठा असेल तर उताराची दिशाही नोंदवा. दक्षिणेकडचा आणि पश्चिमेकडचा उतार लवकर वाळतो. उत्तर उतारावर झाडोरा जास्त धरतो.

## टप्पा ५: शिवारफेरी

आता बाहेर पडा. वनखात्याच्या हद्दीत जायचे असेल तर आधी परवानगी घ्या. बरोबर पहार, कुदळ, टेप, पाण्याची बाटली, छापील कच्चा नकाशा आणि जनावरे राखणारा एक माणूस हवा. शेतकऱ्याला स्वतःचे शेत माहीत असते, मेंढक्याला सगळे शिवार माहीत असते.

फेरी रस्त्याने करू नका. रस्ते सोयीच्या जमिनीतून जातात, म्हणून रस्त्याकडेच्या नोंदींवर केलेला नकाशा सोयीच्या जमिनीचाच होतो. माथ्यापासून ओढ्यापर्यंत, समोच्च रेषा कापत सरळ खाली उतरा. एका गावात अशा तीन-चार ओळी वेगवेगळ्या बाजूंनी घेतल्या की बहुतेक प्रकार हाती लागतात. प्रत्येक ओळीवर उतार, रंग किंवा गवत बदलले की थांबायचे. बदललेल्या कडेवर नोंद घ्यायची नाही. तुकड्याच्या आत किमान ३० मीटर जाऊन घ्यायची, नाहीतर मोबाइलच्या चुकीमुळे बिंदू शेजारच्या वर्गात पडतो.

मातीची खोली. सगळीकडे खड्डे खणायची गरज नाही. रस्त्याचा कट, विहिरीची कड, ओढ्याची दरड, शेततळ्याची भिंत यांवर माती आयती कापलेली मिळते. कुदळीने वरचा वाळका थर तासून ताजी कड काढा आणि वरून खाली टेप धरा. पायथ्याच्या शेतातल्या विहिरीच्या कडेला साधारण असे दिसते: वर ३० सेंटिमीटर काळसर तपकिरी माती, मुळांनी भरलेली. खाली २० सेंटिमीटरमध्ये मातीत मिसळलेला मुरूम आणि हरभऱ्याएवढे चुनखडीचे पांढरे खडे. त्याखाली नुसता मुरूम, पहार मारली की खसखसणारा. आणि मग खडक, पहार टणकन उडवणारा. खोली मोजायची ती मुरमाच्या सुरुवातीपर्यंत, खडकापर्यंत नाही. नोंदीत मात्र दोन्ही आकडे लिहा. फटी असलेल्या मुरमात झाडाची मुळे उतरतात, गवताची फारशी नाही.

खोलीचे टप्पे मृदसर्वेक्षणात रूढ आहेत तेच घ्या: ७.५, २२.५, ४५ आणि ९० सेंटिमीटर. स्वतःचे वेगळे टप्पे पाडले की शेजारच्या गावाशी तुलना होत नाही.

पोत. मूठभर माती ओली करून मळा, अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबत पट्टी काढा. अडीच सेंटिमीटरच्या आत तुटली तर पोयट्याकडची, पाचच्या पुढे गेली तर चिकण. गोळाच होत नसेल तर वाळूसर.

पाणी. हा रकाना लोक रिकामा सोडतात. तिथल्या माणसाला तीन गोष्टी विचारा. मोठ्या पावसानंतर पाणी किती दिवस उभे राहते, वाफसा (मशागतीजोगी ओल) कधी येतो, आणि विहिरीला पाणी कुठल्या महिन्यापर्यंत असते. बागायती भागात आणखी एक पाहा. पृष्ठभागावर पांढरा फुफाटा दिसत असेल तर जमीन खारवट. पाणी मुरत नसेल आणि वाळल्यावर ढेकूळ दगडासारखे होत असेल तर चोपण. नीरा कालव्यांच्या लाभक्षेत्रात हे दोन्ही सापडते, आणि लांबून ती चांगली खोल काळीच वाटते.

वनस्पती. गवतासाठी १ बाय १ मीटर, झुडपांसाठी ५ बाय ५, झाडांसाठी १० बाय १० मीटरचा चौकोन आखा. नाव येत नसेल तर गावात म्हणतात ते लिहा, फोटो काढा आणि पुढे चला. पवन्या, डोंगरी, मारवेल अजून टिकून आहेत का, की सगळीकडे कुसळीच झाली आहे, एवढे कळले तरी माळाच्या तब्येतीचा अंदाज येतो. कुसळी माजणे हे बहुधा अति चराईचे आणि वारंवारच्या वणव्याचे लक्षण असते. पण गवतावरून मातीची खोली ठरवू नका, खोली टेपनेच मोजा.

तपासणी: संध्याकाळी घरी आल्यावर त्याच दिवशी नोंदी नकाशावर टाका. एखाद्या नोंदीत खोली किंवा पाणी राहिले असेल तर दुसऱ्या दिवशी आठवते, आठवड्यानंतर नाही.

## टप्पा ६: वर्गांची किल्ली बांधा

किल्ली म्हणजे ठरलेल्या क्रमाने विचारायचे प्रश्न. क्रम असा: जागा कुठली, माती किती खोल, पाणी कसे. वनस्पतीचा प्रश्न या किल्लीत घालायचाच नाही.

पर्जन्यछायेतल्या गावासाठी चालणारी किल्ली अशी:

१. माथ्यावर, माती ७.५ सेंटिमीटरपेक्षा कमी: कातळमाथा.
२. उतार २५ टक्क्यांच्या वर: डोंगरउतार. खोली काहीही असो.
३. माथा किंवा २५ टक्क्यांपर्यंतचा उतार, माती २२.५ पेक्षा कमी: उथळ माळ.
४. तीच जागा, माती २२.५ ते ४५: मध्यम बरड.
५. पायथा, माती ४५ पर्यंत: पायथ्याची मुरमाड जमीन.
६. पायथा किंवा सपाटी, माती ४५ च्या वर, निचरा ठीक: खोल काळी.
७. तीच, पण पाणी आठवडाभर उभे राहते किंवा खारवट-चोपण: निचरा नसलेली काळी.
८. ओढ्याकाठचा गाळाचा पट्टा: मळई.
९. वर्षातले काही महिने पाण्याखाली: तळ्याचा काठ, पाणथळ.

तुमच्या गावात यातले दोन नसतील आणि एखादा नवा लागेल. बारापेक्षा जास्त वर्ग झाले तर तुम्ही वर्ग पाडत नसून वर्णन करत आहात. प्रत्येक नोंद किल्लीतून एकदा चालवून पाहा. एकच नोंद दोन वर्गांत बसत असेल तर किल्लीचा आकडा धूसर आहे, नोंद नव्हे.

## टप्पा ७: आजची हिरवळ, वेगळ्या थरात

आता वनस्पती आणि वापर: गवताळ, झुडपी, विरळ झाडोरा, दाट झाडोरा, कोरडवाहू पीक, बागायत, लागवड, वस्ती. इथे तीन तारखांची चित्रे आणि चौकोनांच्या नोंदी कामाला येतात. झाडोऱ्याचे टप्पे पाडताना भारतीय वन सर्वेक्षणाचे आकडे वापरा: छत्र (झाडांच्या शेंड्यांनी झाकलेली जमीन) १० ते ४० टक्के विरळ, ४० ते ७० मध्यम, ७० च्या वर अतिदाट. मात्र त्या मोजणीत जमिनीचा वापर पाहिला जात नाही, एक हेक्टरच्या वरची आमराईही वनाच्छादनात धरली जाते. म्हणून "लागवड" हा वर्ग तुम्ही स्वतः वेगळा ठेवा.

गिरिपुष्प लावलेला माळ या थरात लागवड दिसेल, खालच्या, जमिनीच्या थरात उथळ माळच राहील. दोन थर एकमेकांवर ठेवले की कुठे जमिनीच्या स्वभावाविरुद्ध काम झाले आहे ते दिसते. खोकड आणि धाविक, चंडोल हे पक्षी ज्या उघड्या गवताळ जागेत राहतात ती "रिकामी" म्हणून भरली जाते, ते इथे पकडता येते.

कायदेशीर दर्जा हा तिसरा थर. वन, गायरान, खाजगी, पोटखराबा ही महसुली नावे आहेत. पोटखराबा (सातबाऱ्यावर लागवडीस अयोग्य म्हणून नोंदलेली जमीन) म्हणजे नापीक परिसंस्था, असे समजून दोन्ही एकत्र करू नका.

## टप्पा ८: रेषा काढा

तुकड्यांच्या कडा हाताने काढताना सॉफ्टवेअरमधली चिकटण्याची सोय (स्नॅपिंग) चालू ठेवा, नाहीतर शेजारच्या दोन तुकड्यांत फट राहते किंवा ते एकमेकांवर चढतात. काळीची आणि मळईची कड बऱ्याचदा स्पष्ट असते, ती अखंड रेषेने. माळातून बरडात जाताना खोली हळूहळू वाढते, तिथे तुटक रेषा काढा. गट नंबरची हद्द सोयीची म्हणून तिलाच परिसंस्थेची कड करू नका. माती बांध पाहून बदलत नाही.

तपासणी: सगळ्या तुकड्यांच्या क्षेत्रफळाची बेरीज गावाच्या एकूण क्षेत्राशी जुळते का ते पाहा. जास्त आली तर तुकडे एकमेकांवर आहेत, कमी आली तर फटी आहेत.

## टप्पा ९: पडताळणी

ज्या नोंदींवरून नकाशा केला त्यांनीच तो तपासणे म्हणजे स्वतःचा पेपर स्वतः तपासणे. पडताळणीची ठिकाणे नवी हवीत आणि ती सॉफ्टवेअरकडून यादृच्छिक निवडून घ्यावीत, प्रत्येक वर्गात वेगळी. मोठ्या नकाशांत प्रत्येक वर्गाला किमान ५० ठिकाणे घेण्याचा दंडक आहे. गावासाठी १५–२० जमली तरी काम होते, आणि लहान वर्गाचे तर सगळेच तुकडे पाहून या.

निकाल एका तक्त्यात मांडा: आडवे नकाशातले वर्ग, उभे जमिनीवरचे. नुसता एकूण टक्का सांगून थांबू नका. समजा ४० ठिकाणांपैकी ३४ बरोबर आली, म्हणजे ८५ टक्के. पण गवताळ म्हणून सापडलेल्या १० जागांपैकी ४ नकाशात कोरडवाहू पीक म्हणून दाखवल्या असतील, तर गवताळ वर्गाचा नकाशा ६० टक्केच बरोबर आहे. आणि तुमचा प्रश्न चराईचा असेल तर तोच आकडा महत्त्वाचा.

जे दोन वर्ग सारखे एकमेकांत मिसळतात ते तपासा. वेगळे करता येत नसतील तर एकत्र करा आणि तसे लिहा.

## टप्पा १०: गावासमोर ठेवा, मग छापा

१:५,००० च्या प्रमाणात मोठा कागद छापून ग्रामसभेआधी दोन दिवस देवळात किंवा शाळेत लावा. शेजारी पेन ठेवा. लोक आधी स्वतःचे शेत शोधतात, मग चुका सांगतात. सांगितलेली प्रत्येक चूक जागेवर जाऊन पाहायची, तिथल्या तिथे खोडाखोड करायची नाही. वर्गावर वाद झाला की किल्ली काढा आणि टेप घेऊन जा. हद्दीवर वाद झाला तर तो भूमिअभिलेखाचा विषय आहे, तुमचा नाही, हे आधीच सांगून ठेवा.

खबरदारी: दुर्मिळ औषधी वनस्पती, घरटी, लांडग्यांची बिळे यांचे नेमके बिंदू सार्वजनिक प्रतीत ठेवू नका. ती माहिती जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या वेगळ्या प्रतीत राहू द्या.

नकाशाच्या कोपऱ्यात चार ओळी असायलाच हव्यात: चित्रांच्या तारखा, शिवारफेरीचे महिने, संदर्भप्रणाली, आणि पडताळणीचा वर्गवार आकडा. किल्लीचा कागद नकाशाला जोडूनच द्या. जमिनीचा थर दहा वर्षे चालतो, मोठे सपाटीकरण किंवा नवा तलाव झाला तरच हात लावा. हिरवळीचा थर दर दोन-तीन वर्षांनी नव्याने करा, आणि तेव्हा जुना पुसू नका, शेजारी ठेवा.